नेपाळी माणूस घर सोडून नाशिकपर्यंत का येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही कॉलनीत रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा माणूस, चायनीजच्या गाडीवर कढई हलवणारा पोरगा, त्र्यंबक रोडच्या हॉटेलांत भटारखान्यात राबणारे कुक. आपण सगळ्यांना सरसकट बहादूर म्हणतो आणि विषय संपवतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर कधीतरी वाद पेटतो की हे लोक इथं का येतात, मजबुरीने की हौसेने, घुसलेत का, कोणी येऊ दिलं, यांच्या देशात काम नाही का वगैरे. दर वेळी तेच प्रश्न आणि दर वेळी तीच अर्धवट उत्तरं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

त्यांच्या गावाकडे खरंच काहीच काम नाही का?

काम आहे हो, पण त्या कामाने पोट भरत नाही, हा फरक लक्षात घ्या. आपल्याकडे महाराष्ट्रात येणारे बरेचसे लोक काठमांडूचे नसतात, ते पश्चिम नेपाळच्या डोंगरातले असतात, अछाम, डोटी, बझांग, बाजुरा, दैलेख, कालिकोट असे जिल्हे. नेपाळमध्ये एका शेतकरी कुटुंबाकडे सरासरी दीड एकराच्या आसपास जमीन आहे, आणि तीसुद्धा सपाट प्रदेश धरून, वर डोंगरात त्याहून कमी आणि तीही पायऱ्यापायऱ्यांची, चार ठिकाणी तुकडे पडलेली, पावसाच्या भरवशावर. मका, नाचणी, गहू, खाली नदीकाठी असेल तर भात. घरचं धान्य सहा महिनेही पुरत नाही अशी कितीतरी घरं आहेत. उरलेले महिने विकत घ्यायचं, आणि विकत घ्यायला रोकड लागते, आणि गावात रोकड देणारं काम नाही, कारखाना नाही, एमआयडीसी नाही, रोजगार हमीसारखं काही नाव घेण्यासारखं नाही.

आमच्या कॉलनीतले दाजू (आम्ही त्यांना दाजूच म्हणतो, वयाने मोठे आहेत) एकदा मोबाइलवर त्यांच्या शेताचा फोटो दाखवत होते. खालच्या चार-पाच पायऱ्यांवर मका दिसत होता आणि वरच्या सगळ्या पायऱ्यांवर नुसतं गवत आणि झुडपं. मी विचारलं वरचं का सोडून दिलं, तर म्हणाले माकडं. राखायला घरात माणूस नाही, पोरं बाहेर, म्हातारा बाप दिवसभर पत्र्याचा डबा बडवत किती धावणार, मग जेवढं अंगणातून दिसतं तेवढंच पेरायचं. त्यात वरचा झराही उन्हाळ्यात आटायला लागलाय, बायकोला पाण्याला खालपर्यंत उतरावं लागतं. म्हणजे माणसं गेली म्हणून शेत पडीक पडलं आणि शेत पडीक पडलं म्हणून आणखी माणसं गेली, असं ते चक्र आहे. पश्चिम नेपाळच्या डोंगरात हे गावोगाव झालंय.

पण मग याला "मजबुरी" कशाला म्हणायचं? बंदूक थोडीच कोणी रोखलीये?

काहींवर रोखली होती की. 1996 ते 2006 अशी दहा वर्षं नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांच्यात युद्ध चाललं, 17,000 च्या आसपास माणसं मेली. याच पश्चिमेकडच्या डोंगरात ते जास्त पेटलं होतं. माओवादी येऊन सांगायचे घरटी एक माणूस द्या, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस नाहीतर फौज येऊन विचारायची काल रात्री कोणाला जेवायला घातलं. जेवायला नाही घातलं तर ते मारणार, घातलं तर हे मारणार. मग आईबाप पोरांना दहावीच्या आतच मामाबरोबर, चुलत्याबरोबर भारतात पाठवून द्यायचे. आज इथं जे चाळिशी-पंचेचाळिशीचे दिसतात त्यातल्या काहींना विचारून बघा, पहिल्यांदा कधी आलास म्हणून.

बाकीच्यांवर बंदूक नव्हती पण कर्ज होतं. गावच्या सावकाराचा दर शेकडा दोन-तीन रुपये महिना. आजारपण आलं, बहिणीचं लग्न निघालं, म्हैस मेली, की घेतलं कर्ज. त्या भागात हलिया नावाची पद्धत होती, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत सावकाराचं शेत नांगरायचं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या फिटायचंच नाही. त्यात सगळ्यात जास्त दलित कुटुंबं अडकलेली. सरकारने 2008 मध्ये ही पद्धत बंद केली, कर्ज माफ झालं असं जाहीर केलं, पण नुसतं मोकळं करून जमीन दिली नाही तर तो माणूस करणार काय? तो सरळ बॉर्डर ओलांडून आला.

आपल्याला हे समजायला नेपाळला जायची गरज नाही. सुरगाणा, पेठची आदिवासी माणसं भात कापून झाला की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येतात, नाक्यावर पोत्यात भांडीकुंडी घेऊन उभी असतात. त्यांच्यावर तरी कोण बंदूक रोखतं? सुरगाण्याच्या माणसाला तालुका ओलांडावा लागतो, अछामच्या माणसाला देश, एवढाच काय तो फरक.

आखातात तर जास्त पैसे मिळतात, मग तिकडे न जाता इथं का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण सगळ्या विषयाची किल्ली माझ्या मते इथं आहे. कतार, दुबई, मलेशियाला जायचं तर आधी पासपोर्ट, मेडिकल, सरकारी श्रम परवाना, आणि एजंट. नेपाळ सरकारने 2015 मध्ये नियम केला की व्हिसा आणि तिकिटाचा खर्च कंपनीने करायचा, पण प्रत्यक्षात एजंट लाखाच्या वर नेपाळी रुपये उकळतात. ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीन आहे किंवा ज्याला कोणी कर्ज देईल तो तिकडे जातो. ज्याच्याकडे तेही नाही तो भारतात येतो, कारण इथं यायला बसचं आणि रेल्वेचं जनरलचं भाडं पुरतं, आणि ते नसेल तर गावचा कोणीतरी आधीच इथं असलेला माणूस भरतो.

म्हणजे शेजारच्या देशात माणूस तिकडे फार चांगलं आहे म्हणून जात नाही, त्याला तेवढंच परवडतं. जगभर हेच आहे. युद्धातून पळालेल्यांचंही तसंच, 2024 च्या शेवटी जगातले दोन तृतीयांश शरणार्थी शेजारच्याच देशात होते. सीरियावाले तुर्कस्तान, लेबनॉनमध्ये, सुदानवाले चाडमध्ये, अफगाण इराण-पाकिस्तानात. टीव्हीवर आपल्याला युरोपात जाणाऱ्या बोटी दिसतात, पण बहुतेक माणसं बॉर्डर ओलांडून पहिल्या गावात थांबलेली असतात, आणि ते गावही काही श्रीमंत नसतं.

व्हिसा लागत नाही हे खरं आहे?

खरं आहे. 31 जुलै 1950 ला भारत-नेपाळ मैत्री करार झाला, त्यातल्या सातव्या कलमाप्रमाणे एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहायला, मालमत्ता घ्यायला, धंदा करायला, फिरायला मुभा आहे. बॉर्डर 1,751 किलोमीटर आणि उघडी, नाक्यांवर आपल्याकडचं एसएसबी (सशस्त्र सीमा बल) असतं, सामान तपासतात, ओळखपत्र विचारतात, पण पासपोर्ट-व्हिसा नाही. विमानाने यायचं असेल तर मात्र ओळखीचा ठरलेला कागद लागतो. आणि हे एकतर्फी नाही, बिहार-यूपीचे कितीतरी लोक नेपाळच्या तराईत, म्हणजे बॉर्डरलगतच्या सपाट भागात, आणि काठमांडूत धंदे करतायत, भाजीवाले, गवंडी, न्हावी. नेपाळी नागरिक यूपीएससीलाही बसू शकतो, आयएएस, आयएफएस, आयपीएस सोडून.

तेव्हा "घुसलेत" हा शब्द नेपाळ्यांना लागू होत नाही.

इथपर्यंत येतात कसे?

गावातून चालत किंवा जीपने मोटररस्त्यापर्यंत, तिथून बसने धनगढी नाहीतर महेंद्रनगर. धनगढीहून गौरीफंटा, महेंद्रनगरहून बनबसा, की आला भारत. पुढे बस पकडून दिल्ली किंवा लखनऊ आणि मग मुंबईकडची गाडी. मधल्या भागातले सुनौलीवरून गोरखपूरला येतात, तिथून कुशीनगर एक्सप्रेस थेट नाशिकरोडला सोडते. प्रवासात सगळ्यात जास्त लुटालूट परत जाताना होते, कारण तेव्हा खिशात वर्षाची कमाई असते. बसमध्ये गुंगीचं औषध घातलेला चहा-बिस्कीट देऊन सामान पळवायचे प्रकार इतके जुने आहेत की नवीन पोराला पहिला सल्लाच तो देतात, कोणाचं काही खायचं नाही.

सगळे भूकंपामुळे आलेत ना?

नाही. 25 एप्रिल 2015 चा मोठा भूकंप, 7.8 चा, जवळपास 9,000 माणसं गेली, पण तो मुख्यतः मध्य नेपाळात होता, गोरखा, सिंधुपालचोक, काठमांडू खोरं. पश्चिमेचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून येतायत. हां, नोव्हेंबर 2023 मध्ये जाजरकोटला भूकंप झाला तो मात्र याच लोकांच्या पट्ट्यात, दगडमातीची घरं रात्री झोपेत अंगावर पडली, दीडशेच्या वर माणसं मेली. अशा वेळी काय होतं की आधीच इथं असलेला माणूस परत जाऊन राहत नाही, उलट घर बांधायचं नवीन कर्ज डोक्यावर घेऊन येतो आणि बरोबर धाकट्या भावालाही आणतो.

बायका-पोरांना का आणत नाहीत?

काही आणतात, बिल्डिंगच्या जिन्याखालच्या खोलीत चौघं राहणारी कुटुंबं तुम्हीही बघितली असतील. पण बहुतेकांना परवडत नाही, आणि गावाकडे म्हातारी माणसं, म्हैस, जमीन बघायला कोणीतरी हवं. म्हणून त्या भागातली गावं बायकांनीच चालवलेली आहेत. नांगर धरणं सोडून सगळं त्या करतात, आता पुरुष उरले नाहीत म्हणून कुठं कुठं नांगरही. वर छाउपडीसारखी प्रथा, पाळीच्या दिवसांत बाईने गोठ्यात नाहीतर वेगळ्या झोपडीत झोपायचं, थंडीने, सर्पदंशाने बायका मेल्यात. 2017 मध्ये कायदा करून तो गुन्हा ठरवला, तरी पूर्ण थांबलेलं नाही.

आणि एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण लोक टाळतात. याच उघड्या बॉर्डरवरून मुलींना कामाच्या, लग्नाच्या आमिषाने आणून विकलं जातं, मुंबईचा त्यात मोठा वाटा राहिलाय. 1993 मध्ये अनुराधा कोइराला यांनी सुरू केलेल्या माइती नेपाळ या संस्थेच्या बायका नाक्यांवर उभ्या राहून संशयास्पद जोड्यांना थांबवतात, विचारपूस करतात. स्वतः अशा प्रकारातून सुटलेल्या काही जणीही या कामात आहेत.

आमचा वॉचमन अचानक बदलला, त्याच्या जागी दुसराच आला, असं कसं?

अहो ती "जागा" त्याची असते. म्हणजे कागदावर नाही, पण त्यांच्या हिशोबात. एका कॉलनीची गस्त, वीस-पंचवीस बंगले, दर महिन्याला घरटी ठरलेले पैसे, हे सगळं उभं करायला त्याला वर्षं लागलेली असतात. गावी जाताना तो ती जागा भावाला, भाच्याला सांभाळायला देतो, आणि कायमचा जाणार असेल तर चक्क विकतो. भारतातल्या मोठ्या शहरांत नेपाळी लोकांत हे सर्रास चालतं. तुम्हाला वाटतं तुम्ही माणूस ठेवलाय, पण त्यांच्यात तो व्यवहार कधीच झालेला असतो. तसेच ते आपसांत भिशी चालवतात, महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची, गरज असेल त्याने उचलायची, व्याज ठरलेलं. बँक यांना दारात उभं करत नाही तेव्हा हीच त्यांची बँक.

भावकीच्या आधाराने धंद्यात शिरायचं हे आपल्याला नवीन आहे का? सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीची माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्याचांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात देशभर गेली ती अशीच, एकाने दुसऱ्याला ओढत.

पैसे घरी कसे पाठवतात?

नेपाळी रुपयाचा दर 1993 पासून बांधलेला आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160. त्यामुळे आपल्याकडचे दहा हजार तिकडे सोळा हजार होतात. पाठवायचा रीतसर रस्ता आहे, रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा सुरू केली, एनईएफटीवाल्या बँक शाखेत खातं नसलं तरी एका वेळी 50,000 पर्यंत रोख भरून पाठवता येतात. पण काउंटरवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, एका बँकेत मी स्वतः दाजूंबरोबर गेलो तर आधी आम्हाला तीन खिडक्या फिरवलं. म्हणून बरेच जण गावाकडे जाणाऱ्याच्या हातीच रोकड देतात.

आणि त्याचा फटका बसला नोव्हेंबर 2016 ला. नोटबंदी झाली तेव्हा डोंगरातल्या घराघरांत ट्रंकेत आपल्या पाचशे-हजारच्या नोटा होत्या, नवऱ्याने, मुलाने आणून दिलेल्या. त्या बदलून द्यायचा प्रश्न दोन्ही सरकारांत वर्षानुवर्षं लोंबकळला. पुन्हा 2018 च्या शेवटी नेपाळने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. मरण कोणाचं, तर इथं रात्रभर शिट्टी वाजवून नोट नोट जोडणाऱ्याचं.

नेपाळी, बांगलादेशी, रोहिंग्या, सगळे एकच ना?

कायद्याने अजिबात नाही. बांगलादेशाशी उघड्या बॉर्डरचा करार नाही, तिथून यायला पासपोर्ट-व्हिसा लागतो, विनाकागद येणं गुन्हा आहे आणि नाशिकमध्येही त्यासाठी अटका होतात. रोहिंग्या म्यानमारचे, तिथल्या 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना नागरिकच मानलं नाही, आणि ऑगस्ट 2017 नंतर फौजेच्या कारवाईमुळे सात लाखांच्या वर माणसं बांगलादेशात कॉक्स बाझारला पळाली. तिकडे गावं जाळली गेली, त्यामुळे त्यांची आणि पगारासाठी येणाऱ्याची तुलना करूच नका.

बाकी, बांगलादेशात काय चाललंय याची खबर नाशिककरांना लासलगावच्या कांद्यावरून लागते. तिकडे 2024 मध्ये सत्तापालटाचा गोंधळ झाला तेव्हा बॉर्डरवर कांद्याचे ट्रक अडकले आणि इथं व्यापाऱ्यांचे फोन वाजायला लागले. माल अडकला की लगेच कळतं, माणसं अडकली की कोणाला कळत नाही, असो.

भारत शरणार्थींना घेतो की नाही?

घेतलेत भरपूर, पण 1951 च्या आंतरराष्ट्रीय शरणार्थी करारावर सही केलेली नाही, त्यामुळे प्रत्येक गटाबाबत वेगळा निर्णय. 1959 नंतर तिबेटी, 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी लोक, 1983 नंतर श्रीलंकेचे तमिळ. नाशिकमध्ये शोधायचं तर देवळाली कॅम्पात जा, फाळणीनंतर सिंधहून आलेल्यांना तिथल्या लष्करी बराकींत ठेवलं होतं, त्यांची नातवंडं-पणतवंडं आज तिथले दुकानदार आहेत. नेपाळनेही घेतलेत हो. 1990 च्या सुमारास भूतानने नेपाळी बोलणाऱ्या एक लाखाच्या आसपास लोकांना देशोधडीला लावलं, ते भारतातून पुढे जाऊन नेपाळच्या झापा-मोरंगच्या छावण्यांत वीस-वीस वर्षं राहिले, 2007 पासून बहुतेकांना अमेरिका वगैरे देशांनी नेलं.

कोरोनात यांचं काय झालं?

मार्च 2020 ला नेपाळने बॉर्डर बंद केली, स्वतःच्याच माणसांनासुद्धा. उत्तराखंडातल्या धारचुलाला महाकाली नदीच्या या काठावर शेकडो जण अडकले, समोर स्वतःचा देश दिसतोय आणि पूल बंद. काही पोरांनी नदीत उड्या टाकल्या, पोहून पलीकडे गेली, आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांना पोलिसांनी पकडलं.

त्यांचं सरकार काही करत नाही का?

बाहेरून येणारा पैसा त्यांच्या अर्थव्यवस्थेच्या जवळपास चौथ्या हिश्श्याएवढा आहे. 2021 च्या जनगणनेत एकवीस लाखांहून जास्त माणसं देशाबाहेर नोंदली गेली, पावणेतीन-तीन कोटींच्या देशात. माणसं बाहेर जाण्यावरच गाडा चाललाय म्हटल्यावर थांबवायची घाई कोणाला? त्यात भारतात येणाऱ्याला श्रम परवाना लागत नाही, म्हणून तो सरकारी हिशोबात "परदेशी कामगार" धरला जात नाही. परिणाम काय, तर कतारमध्ये मेला तर घरच्यांना कल्याण निधीतून पैसे मिळतात आणि नाशिकमध्ये मेला तर बहुधा काहीच नाही, मृतदेह न्यायचा खर्चसुद्धा गाववाले वर्गणी काढून करतात. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या तरुणांनी सरकार पाडलं, निमित्त सोशल मीडियावरच्या बंदीचं होतं, पण राग नोकऱ्यांचा आणि पुढाऱ्यांच्या पोरांच्या चैनीचाही होता.

गुरखा म्हणजे सगळे फौजी असतात का?

नाही. भारतीय लष्कराची गोरखा रेजिमेंट वेगळी, तिथं भरती होणं तिकडच्या पोरांचं स्वप्न असतं, आणि अग्निपथ या चार वर्षांच्या भरती योजनेनंतर 2022 पासून नेपाळने तीही भरती थांबवून धरलीये.

हल्ली तरुण पोरं कमी दिसतात, ते कुठं गेले?

बरोबर निरीक्षण आहे. ज्या घरांत थोडा पैसा आला, बहुतेकदा बापाने इथं वॉचमनगिरी करून जमवलेला, त्या घरची पोरं आता आखात, मलेशिया, आणि भाषा शिकून परीक्षा दिली तर कोरिया, जपानला जातात. दाजूंचा थोरला कतारमध्ये आहे. बाप अजून इथंच, कारण मुलाला पाठवायला काढलेलं कर्ज मुलगा आणि बाप दोघं मिळून फेडतायत. तेव्हा पुढच्या काळात नाशिकला येणारा नेपाळी माणूस एकतर वयाने मोठा असेल नाहीतर फारच गरीब.

सोसायटीत नेपाळी वॉचमन ठेवायचाय, काय बघावं?

नेपाळी नागरिकतेचा कागद असतो त्यांच्याकडे, देवनागरीतच असतो, वाचता येतो, त्याची झेरॉक्स आणि फोटो घ्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेऊ नका. पोलीस स्टेशनला माहिती द्या. गावाकडचा एक फोन नंबर आणि नाशिकमधल्या नातेवाइकाचा एक. पगार महिन्याच्या महिन्याला, दसऱ्याला एकदम देतो म्हणून अडकवून ठेवायचा नाही. दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, तो महिनाभर जाणार हे धरूनच चाला आणि बदली माणूस कोण ते आधीच विचारून घ्या. आणि नाव विचारा, बहादूर हे बहुतेकदा मधलं नाव असतं, पहिलं वेगळं असतं.